स्टिकरखालची गोळी

गेल्या वर्षी मे ते जुलै या काळात मी डिचोली तालुक्यातील एका जिममधून विकत घेतलेल्या गुलाबी गोळ्या सुमारे आठ आठवडे घेतल्या. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल झालो तेव्हा माझे बिलिरुबिन (यकृत बिघडले की रक्तात साठणारे पिवळे द्रव्य) 26 होते आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडले की रक्तात वाढणारा घटक) 3.1. निरोगी माणसात हे दोन्ही आकडे एकच्या आसपास असतात. गोळ्या विकणाऱ्याचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण तक्रार दाखल झालेली आहे आणि चौकशी चालू आहे. मात्र त्याने मला कोणत्या शब्दांत फसवले हे सविस्तर लिहिणार आहे, कारण त्याच्या बोलण्यातील निम्म्या गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यामुळेच मी फसलो.

माझे वय 43. खाणी चालू होत्या तेव्हा मी एका वाहतूकदाराकडे ट्रकांचे हिशेब पाहत असे. 2018 मध्ये खाणी बंद झाल्यावर एका कारखान्याच्या कार्यालयात नोकरी धरली. दिवसभर खुर्चीत बसून पोट सुटले, रक्तातील साखर काठावर आली, आणि आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी व्यायाम सुरू करण्यास सांगितले. जिममध्ये गेलो तो त्यांच्याच सल्ल्याने. पाच महिन्यांत सात किलो वजन उतरले आणि साखरही खाली आली. तेथेच समाधान मानले असते तर हा लेख लिहावा लागला नसता. परंतु वजन उतरले तरी दंड काही भरले नाहीत, आणि आरशासमोर उभे राहिले की शेजारच्या पंचविशीतील मुलांकडे लक्ष जाई.

ही नजर प्रशिक्षकाने ओळखली. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, अत्यंत नम्र, मला नेहमी ‘दादा’ म्हणणारा. एके दिवशी तो म्हणाला, ‘‘दादा, तुमची मेहनत कमी नाही, पण चाळिशीनंतर टेस्टोस्टेरॉन उतरत जाते, त्याला तुम्ही काय करणार?’’ वयानुसार हे संप्रेरक हळूहळू कमी होते ही गोष्ट खरीच आहे. पुढचे वाक्य मात्र खोटे होते. त्याच्याकडे म्हणे अश्वगंधा आणि गोखरूच्या अर्कापासून बनवलेली आयुर्वेदिक गोळी होती, जी शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन जागे करते. मी स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडचा संशय बोलून दाखवला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, ‘‘स्टेरॉइड म्हणजे इंजेक्शन, दादा. ही तर तोंडाने घ्यायची साधी गोळी आहे.’’

या एका वाक्यावर मी थोडे थांबू इच्छितो, कारण पुढे रुग्णालयात मला कळले की वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. सुई म्हणजे भयंकर आणि गोळी म्हणजे सौम्य ही आपल्या सर्वांच्या मनातील समजूत आहे आणि विकणारे तिच्यावरच धंदा करतात. आपण जे गिळतो ते आतड्यांतून शोषले गेल्यावर आधी यकृतात जाते आणि मग उरलेल्या शरीरात पोहोचते. साधे टेस्टोस्टेरॉन गिळले तर यकृत त्याचा बहुतेक भाग पहिल्याच फेरीत मोडून टाकते, म्हणून त्याची साधी गोळी फारशी उपयोगाची ठरत नाही. यावर तोड म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्या रेणूच्या सतराव्या कार्बनवर एक जादा गट जोडला, ज्यामुळे यकृताला तो सहज मोडता येत नाही. मिथँडायनोन, स्टॅनोझोलोल, ऑक्सिमेथोलोन ही सारी याच घराण्यातील औषधे होत. गोळी टिकते ती यकृताचे काम अडवूनच, आणि या घराण्यातील औषधे यकृतातून पित्त बाहेर सोडण्याच्या क्रियेतही अडथळा आणतात. म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडांमध्ये यकृताला सर्वाधिक धोका असतो तो तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा. इंजेक्शने निर्धोक आहेत असे मला मुळीच सुचवायचे नाही; हृदय, रक्तदाब आणि प्रजननक्षमता यांची हानी तीही करतातच.

शंभर गोळ्यांच्या बाटलीचे मी साडेचार हजार रुपये दिले. बिल मागितले तेव्हा ‘‘जीएसटी कशाला भरता दादा’’ असे उत्तर मिळाले. पैसे यूपीआयने एका तिसऱ्याच व्यक्तीच्या खात्यावर गेले आणि प्रशिक्षकाच्या सांगण्यावरून मी तपशिलात ‘प्रोटीन’ असे लिहिले. हिशेबात आयुष्य घालवलेल्या माणसाला येथेच शंका यायला हवी होती. बाटलीवर हिरवे स्टिकर, त्यावर पानांचे चित्र, चकाकणारा होलोग्राम आणि खरवडून पाहायचा सांकेतिक क्रमांक होता. तो क्रमांक मी संकेतस्थळावर टाकला आणि ‘अस्सल उत्पादन’ असा शेरा आला, त्याने मी निश्चिंत झालो. ते संकेतस्थळ त्याच बाटलीवर छापलेले होते, अर्थात विकणाऱ्यांचेच होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. उलट जे पाहायला हवे होते ते मी पाहिलेच नाही. उत्पादकाचा पूर्ण पत्ता नव्हता आणि बॅच क्रमांकही नव्हता. औषध म्हणावे तर उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, आणि अन्नपूरक म्हणावे तर एफएसएसएआय या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक नव्हता.

पहिल्या तीन आठवड्यांत परिणाम असा दिसला की माझा विश्वास दुणावला. वजन चार किलोने वाढले, शर्टाच्या बाह्या घट्ट झाल्या, कार्यालयात लोक विचारू लागले. या चार किलोंत पाणी बरेच असते, हे नंतर समजले. दिवसाला तीन गोळ्यांवरून मी चारवर गेलो आणि दुसरी बाटली घेतली. सोबत ‘लिव्हर सपोर्ट’ नावाच्या कॅप्सूलही एकोणीसशे रुपयांना माझ्या गळ्यात मारण्यात आल्या. आयुर्वेदिक गोळीसोबत यकृताचे संरक्षण कशासाठी लागते, हा प्रश्न माझी पत्नी त्याच दिवशी विचारत होती. मी तिला सांगितले की तुला त्यातले कळत नाही. त्या कॅप्सूलमध्ये सिलीमारिन होते, आणि अशा गोळ्यांनी होणारी कावीळ त्याने टळते असा कोणताही पुरावा नाही, असे डॉक्टरांनी पुढे सांगितले.

चौथ्या आठवड्यात प्रशिक्षकाने स्वतःहून रक्त तपासून घेण्याचा सल्ला दिला. ही त्याची सर्वांत हुशार चाल होती असे आज मला वाटते. तपासणी फक्त एसजीपीटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) आणि क्रिएटिनिन या दोनच गोष्टींची झाली. एसजीपीटी 58 आले, म्हणजे मर्यादेच्या थोडे वर, क्रिएटिनिन 1.3. त्याने लगेच समजावले की जोरदार व्यायामाने स्नायूंतूनही एसजीपीटी वाढते आणि स्नायू जास्त असलेल्यांचे क्रिएटिनिन थोडे वरच असते. या दोन्ही गोष्टी वैद्यकीयदृष्ट्या खऱ्या आहेत. पण बिलिरुबिन तपासलेच गेले नव्हते, लघवी तपासली गेली नव्हती, रक्तदाब कोणी पाहिला नव्हता; आणि या गोळ्यांमुळे होणाऱ्या काविळीची खूणच अशी आहे की एसजीपीटी फारसे न वाढता बिलिरुबिन मात्र चढत जाते. तो अहवाल मी पत्नीला ऐटीत दाखवला होता.

जूनच्या शेवटी अंगाला खाज सुटू लागली. रात्री ती इतकी वाढे की तळहात आणि तळपाय मी खाटेच्या कडेवर घासत असे, पण अंगावर पुरळ मात्र कोठेच नव्हते. पावसाळा, दमट कपडे, भिंतींवरची बुरशी, अशी कारणे आमच्याकडे आयती असतात आणि मी ती सर्व वापरली. साबण बदलला, खोबरेल लावले. लघवी कोऱ्या चहासारखी झाली तेव्हा पाणी कमी पडते असे ठरवले. त्याच सुमारास खांदा दुखू लागला म्हणून दुकानातून डायक्लोफेनॅक आणून दहा-बारा दिवस घेतले, ही भर माझी स्वतःची. प्रशिक्षकाला खाजेबद्दल विचारले तर त्याने ‘‘बॉडी डिटॉक्स करतेय’’ असे उत्तर दिले.

श्रावण लागला त्या आठवड्यात पत्नीने माझे डोळे उजेडात पाहिले आणि ती एकदम गप्प झाली. शौचाचा रंग पांढुरक्या मातीसारखा झाला होता, अन्नाचा वास नको वाटत होता. येथेही आम्ही चार दिवस वाया घालवले, कारण एका नातेवाइकाने सत्तरी तालुक्यातून काविळीचा झाडपाला आणून दिला आणि तो अनुपान-पथ्यासह घेतला गेला. आणणाऱ्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही. परंतु अडचणीत सापडलेल्या यकृतावर आणखी एक अज्ञात काढा ओतला गेला आणि चार दिवस गेले, हे खरे. दुसरा त्रास लोकांच्या बोलण्याचा झाला. गोव्यात चाळिशीच्या पुरुषाला कावीळ झाली की फेणीचेच नाव पुढे येते. मी आयुष्यात सणापुरतीही दारू घेतलेली नाही, तरी भेटायला आलेला प्रत्येक जण माझ्याकडे वेगळ्या अर्थाने पाहत होता, आणि वयस्कर काकांनी तर ‘‘आता तरी सोड रे’’ असे सर्वांदेखत सुनावले.

गोमेकॉत आरंभी संशय लेप्टोस्पायरोसिसचा आला, आणि तो रास्तच होता. पावसाळ्यात आमच्याकडे हा आजार आढळतो आणि कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड एकत्र दिसला की डॉक्टरांना आधी तोच आठवतो. परंतु मला ताप आलेला नव्हता. लेप्टो, हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई या सर्व चाचण्या नकारात्मक आल्या. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे नव्हते, पित्तनलिका कोठेही अडलेली नव्हती. बिलिरुबिन 26 असूनही एसजीपीटी केवळ 110 होते. हे कोडे पाहून डॉक्टर मॅडम माझ्या दंडांकडे पाहत म्हणाल्या, ‘‘तुम्ही जिमला जाता का? आणि काय घेता?’’ मी आयुर्वेदिक असे उत्तर दिले. त्यांनी बाटली मागवली.

बाटली माझ्या पत्नीने आणली. ती आमच्या न्हाणीघराच्या फळीवर दोन महिने पावसाळी दमटपणात राहिली होती आणि स्टिकरचा एक कोपरा उचलला गेला होता. वॉर्डात बसल्या बसल्या तिने तो नखाने आणखी सोडवला आणि म्हणाली, ‘‘हाचे सकयल आनीक कितें तरी बरयलां.’’ खाली खरोखरच दुसरे, छापील लेबल होते आणि त्यावर इंग्रजीत लिहिले होते : मिथँडायनोन, 10 मिलिग्रॅम. मी दिवसाला तशा चार गोळ्या घेत होतो. अशा चोरट्या मालावरचे खालचे लेबलही खरे असेलच असे नाही, आत दुसरे काही किंवा जास्त प्रमाणातही असू शकते, असे डॉक्टरांनी बजावले. पण आजाराचे सारे चित्र त्या नावाशी जुळत होते. हे औषध 1958 च्या सुमारास अमेरिकेत डायनाबोल या नावाने विक्रीला आले, खेळाडूंत पसरले, आणि मूळ कंपनीने 1983 मध्ये तेथून ते काढून घेतले. त्या औषधावर पानांचे चित्र चिकटवून ते मला अश्वगंधा म्हणून विकण्यात आले होते.

मूत्रपिंडांचे काय झाले हे समजून घ्यायला मला वेळ लागला, कारण यकृताचा आजार तेथवर कसा पोहोचतो हे मला उमगत नव्हते. यकृतातून पित्त आतड्यात जाईनासे झाले की बिलिरुबिन आणि पित्ताम्ले रक्तात साठतात, रक्त गाळताना ती मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नळ्यांत उतरतात, तेथे त्यांचे साचे तयार होऊन नळ्या अडतात आणि त्यांच्या आतल्या पेशींना इजा होते. बिलिरुबिन वीसच्या वर फार काळ राहिले की हा धोका विशेष असतो. माझ्या बाबतीत उलट्यांमुळे शरीरातील पाणी कमी झाले होते आणि डायक्लोफेनॅकने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आधीच आवळला होता. बायोप्सी केली नाही, पण मूत्रपिंड विभागाच्या डॉक्टरांचे निदान हेच होते. डायलिसिसची तयारी दोन दिवस ठेवण्यात आली होती. सुदैवाने तशी वेळ आली नाही.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी वर्षानुवर्षे ‘कोर्स’ करणाऱ्यांनी ऐकावी. न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी 2010 मध्ये दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या दहा बॉडीबिल्डरांच्या मूत्रपिंडांची पाहणी प्रसिद्ध केली होती, आणि त्यांपैकी नऊ जणांच्या गाळण्या जागोजाग व्रणांनी कडक झालेल्या आढळल्या होत्या. अशा माणसाच्या लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात, आणि स्वतः त्याला मात्र बराच काळ आपण धडधाकट आहोत असेच वाटत राहते. यकृतातही दीर्घकाळच्या वापराने गाठी किंवा रक्ताने भरलेल्या पोकळ्या होऊ शकतात, ज्या फुटल्यास पोटात रक्तस्राव होतो. म्हणून माझी सोनोग्राफी पुन्हा करण्यास सांगितले आहे.

या आजारावर चुटकीसरशी उतरवणारा उपचार नाही. गोळी बंद करणे हाच मुख्य उपाय, बाकी सलाइन, खाजेवरची औषधे आणि वाट पाहणे. पित्त आतड्यात न पोहोचल्याने व्हिटॅमिन के शोषले जात नव्हते आणि रक्त गोठण्यास वेळ लागत होता. त्याची इंजेक्शने दिल्यावर ते सुधारले. बिलिरुबिन गोळी थांबवल्यानंतरही आठवडाभर वाढतच राहिले आणि नंतर फार सावकाश उतरले. चवथीला मी घरी होतो, पण डोळे पिवळेच होते. नेवऱ्यांचे ताट समोरून जात होते आणि माझ्या वाट्याला पेज होती. माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधण्याचे काम इतकी वर्षे माझ्याकडे असे, ते त्या वर्षी धाकट्या भावाने केले. ऑक्टोबरच्या अखेरीस बिलिरुबिन दोनच्या खाली आले. क्रिएटिनिन आज 1.3 आहे. चौथ्या आठवड्यातही ते तेवढेच होते, पण तेव्हा फुगलेले स्नायू होते आणि आता ते नाहीत, म्हणून डॉक्टर दोन्ही आकड्यांना सारखे मानत नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू झाली आहे. शरीराने स्वतःचे टेस्टोस्टेरॉन बनवणे थांबवले होते, ते अजून पूर्णपणे पूर्ववत झालेले नाही. जे वाढवण्यासाठी पैसे मोजले नेमके तेच कमी झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे भाग आहे, कारण माझ्याच घरात त्यावरून अनर्थ होणार होता. माझी आई दम्यासाठी डॉक्टरांनी दिलेली प्रेडनिसोलोन घेते. ‘स्टेरॉइडने मुलाचे लिव्हर गेले’ हे ऐकून तिने आपल्या गोळ्या परस्पर बंद केल्या. ते स्टेरॉइड वेगळ्या कुळातले आहे आणि स्नायू वाढवणाऱ्या औषधांशी त्याचा संबंध नाही. उलट ते बरेच दिवस चालू असेल तर एकाएकी थांबवणे धोक्याचे असते, कारण शरीर आपले नैसर्गिक कॉर्टिसोल लगेच बनवू शकत नाही. दोन दिवसांत पत्नीच्या लक्षात आले म्हणून निभावले.

प्रशिक्षकाला मी रुग्णालयातून फोन केला होता. तो म्हणाला, ‘‘दादा, मी तर फक्त प्रोटीन विकतो, तुमच्या पेमेंटमध्येही तसेच लिहिले आहे.’’ तेव्हा तो तपशील माझ्याकडून का लिहून घेतला होता, हे उलगडले. संदेशांतून त्याने आपले सर्व मजकूर पुसले होते, पण ‘दादा, आता चार चालू करा’ हा एक संदेश पत्नीने पूर्वीच कौतुकाने बहिणीला पुढे पाठवलेला होता, तो तिच्याकडे सापडला. अशी वेळ कोणावर आली तर बाटली, टोपण आणि उरलेल्या गोळ्या फेकू नका. पैसे दिल्याचा पुरावा आणि तपासण्यांचे कागद जपून ठेवा, आणि डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सर्व खरे सांगा. मी दोन दिवस ‘आयुर्वेदिक’ म्हणत बसलो आणि त्या दोन दिवसांत नको त्या तपासण्या झाल्या. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 च्या कलम 26 नुसार ग्राहकालाही विहित शुल्क भरून विकत घेतलेले औषध सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येते, ही माहिती मला आमच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याने दिली.

नोव्हेंबरमध्ये मी अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली. तेथील अधिकाऱ्यांनी दुसऱ्या बाटलीत उरलेल्या गोळ्या माझ्यासमोर मोजल्या, अर्जावर 17 हा आकडा लिहिला आणि बाटली पाकिटात घालून लाखेने बंद केली. पत्नीने अर्धवट सुटलेले हिरवे स्टिकर नीट चिकटवण्यासाठी बोट पुढे केले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘नको, आहे तसेच राहू द्या.’’